सार्वजनिक उद्यान : कुटुंबाची बिनखर्ची पाठशाळा

आपल्याकडे बहुतेक लहानमोठ्या शहरांत नगरपालिकेची एखादी तरी बाग असते. बाहेर पाटी, आत चारदोन बाके, काही जुनी झाडे, मुलांसाठी घसरगुंडी आणि झोपाळा. कामाच्या गडबडीत आपण तिच्यासमोरून शेकडो वेळा जातो. सहकुटुंब आत जाऊन दोन तास बसणे मात्र क्वचितच घडते. अशा बागेत पैसा खर्च न करता कुटुंबाने काय काय करावे, आणि ते करणे आपल्यासारख्या समाजाला विशेष महत्त्वाचे का आहे, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विषय निवडण्यामागे एक निकटचे कारण आहे. निवासी शाळेत पालकभेटीच्या रविवारी दूरदूरच्या गावांहून आईवडील येतात. कोणी रोजंदारी बुडवून येतात, कोणी दोन एस. टी. बदलून येतात. खुशाली विचारून होते, घरचा डबा उघडला जातो, गुणपत्रिका पाहिली जाते. आणि तासाभरात बोलणे संपते. ज्यांच्याजवळ पैसे असतात ते मुलाला हॉटेलात किंवा बाजारात नेतात. ज्यांच्याजवळ केवळ परतीचे भाडे असते ते ओट्यावर बसून राहतात आणि आपण मुलासाठी काही करू शकलो नाही ही बोच मनात घेऊन परततात. मुलालाही ती कळते. आईबापाचे प्रेम खर्चाने मोजले जाते, हा चुकीचा धडा त्या दिवशी शाळेच्या आवारातच शिकला जातो. त्या धड्याला उत्तर म्हणून आम्ही येथे बागेचा विचार करीत आहोत.

१. बाग सर्वांची केव्हा झाली?

आज बाग पाहिली की ती पूर्वापार सर्वांसाठीच असावी असे वाटते. इतिहास तसे सांगत नाही. राजांच्या बागा वाड्यांच्या तटाआड असत. धनिकांच्या बागांना कुंपण आणि पहारा असे. सर्वसामान्य माणसासाठी सार्वजनिक पैशातून बाग उभारावी, ही कल्पना प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात रुजली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पलीकडील तीरावर बर्कनहेड हे गाव आहे. तेथील उद्यान जोसेफ पॅक्स्टन यांनी आखले आणि ते १८४७ साली खुले झाले. सार्वजनिक निधीतून सर्वांसाठी उभारलेले पहिले उद्यान म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. कारखान्यांचा धूर, कामगारवस्त्यांतील दाटी आणि साथीचे रोग यांनी ग्रासलेल्या शहरांना मोकळ्या हवेची गरज भासू लागली होती. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड या अमेरिकन गृहस्थाने १८५० साली हे उद्यान पाहिले. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा ज्या दोघांनी केला त्यांतील ते एक होत.

आपल्याकडे मुंबईत भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजे लोकांच्या तोंडची राणीची बाग, १८६२ साली खुली झाली. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत १८७९ साली विश्वामित्री नदीच्या काठी कमाठीबाग तयार झाली. तीच आजची सयाजीबाग. मात्र एक फरक लक्षात ठेवला पाहिजे. इंग्लंडमध्ये बागेच्या फाटकाशी जो भेद उभा होता तो मुख्यतः श्रीमंत-गरिबाचा होता. आपल्या देशात त्याच्या जोडीला जात उभी होती. म्हणून आपल्याकडे ‘सार्वजनिक’ हा शब्द पाटीवर लिहिला गेल्यानंतरही तो खरा होण्यासाठी स्वतंत्र लढा द्यावा लागला.

२. बाबासाहेबांच्या जीवनातील दोन बागा

बाबासाहेब डॉ. आंबेडकर यांच्या चरित्रात दोन सार्वजनिक बागा येतात. दोन्ही प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहेत. परंतु ते शेजारी-शेजारी ठेवून क्वचितच वाचले जातात.

पहिली बाग मुंबईतील चर्नी रोडची. परळच्या चाळीतील लहानशा खोलीत भरल्या कुटुंबात राहणारा विद्यार्थी भीमराव शाळा सुटल्यावर या बागेत येऊन वाचीत बसे. विल्सन हायस्कूलमधील शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर हेही तेथे वाचनासाठी येत. वाचनात गढलेल्या या मुलाकडे त्यांचे लक्ष गेले, त्यांनी चौकशी केली आणि परिचय वाढला. १९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाला तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळण्यातही गुरुजींचे साहाय्य झाले. एका शिक्षकाची आणि एका विद्यार्थ्याची ही ओळख कोणाच्या घरी किंवा वर्गात झाली नाही. ते दोघे वेगवेगळ्या शाळांतले, वेगवेगळ्या समाजांतले. त्या काळात त्यांना सहज एकत्र आणील अशी जागा शहरात विरळाच. बागेने ती पुरवली.

दुसरी बाग बडोद्याची कमाठीबाग. १९१७ साली परदेशातील शिक्षणानंतर बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहण्यास जागा मिळेना म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. जात कळल्यावर तेथून त्यांना बाहेर काढण्यात आले. परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊची होती आणि मध्ये पाच तास काढायचे होते. ते तास त्यांनी कमाठीबागेत बसून काढले. त्या वेळी आपले मन सुन्न झाले होते आणि आपल्याला आईवडिलांची आठवण येत होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. त्यांचे आईवडील तेव्हा हयात नव्हते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या, सव्वीस वर्षांच्या विद्वानाला त्या संध्याकाळी जवळचे असे दुसरे कोणी आठवू नये, यातच त्या दिवसाचे दुःख कळते. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते अधिक स्पष्ट करून सांगण्याची आवश्यकता नाही.

या दोन बागांतून मिळणारा बोध एकसारखा नाही. पहिल्या बागेने पुस्तक आणि गुरू दिला. दुसऱ्या बागेने केवळ बसायला जागा दिली. शहराने मात्र निवारा नाकारलाच. बाग उघडी असली म्हणजे समाज उघडा झाला असे होत नाही. तरीही ज्या शहरात प्रत्येक दार बंद झाले तेथे एक फाटक उघडे होते, ही गोष्टही इतिहासाने नोंदवली पाहिजे. ते फाटक उघडे ठेवणे आणि त्याच्यासारखी आणखी दारे उघडणे, हे पुढच्या लढ्याचे कार्य होते.

३. हक्काचा लेखी आधार

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात, ज्यांचा उल्लेख वर आला त्याच सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला वापरू द्यावेत, अशी शिफारस त्यात होती. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून आपला तलाव खुला असल्याचे जाहीर केले. पण कागदावरचा ठराव तळ्याच्या पाण्यापर्यंत पोहोचला तो २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने. ठराव आणि वापर यांत अंतर असते, हे महाडने कायमचे शिकवले.

बोले ठरावाच्या यादीत बागेचा उल्लेख नाही. ती उणीव संविधानाने भरून काढली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणत्याही नागरिकास दुकाने, उपाहारगृहे, करमणुकीची ठिकाणे, तसेच राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालणाऱ्या किंवा लोकांच्या वापरासाठी दिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांपासून दूर ठेवता येणार नाही, अशी तरतूद आहे. नगरपालिकेची बाग या शेवटच्या वर्गात येते. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाने अस्पृश्यतेच्या कारणावरून अशा जागेचा वापर नाकारणे हा शिक्षापात्र गुन्हा ठरवला.

मुलांना संविधान शिकवताना आम्हाला असा अनुभव येतो की, अनुच्छेद पाठ होतो, पण तो कोठे राहतो ते त्यांना ठाऊक नसते. बागेच्या बाकावर बसून ‘आपण आत्ता अनुच्छेद पंधरावर बसलो आहोत’ असे सांगितले की मुले हसतात, आणि मग विसरत नाहीत. आपला हक्क नुसता माहीत असून चालत नाही. तो रोजच्या वहिवाटीत यावा लागतो. सहकुटुंब बागेत जाणे ही ती वहिवाट आहे.

४. कुटुंबासाठी सहा कृती

पुढील सर्व कृती विनामूल्य आहेत. लागणारे साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल, थोडी सुतळी आणि एक काठी. एका भेटीत एक किंवा दोनच कृती कराव्यात.

कृती पहिली : एका भेटीत एक झाड. बागेतील एकच झाड निवडून त्याची पाने, साल, फुले आणि फळे नीट पाहावीत. पान साधे आहे की अनेक पर्णिकांचे? पाने समोरासमोर येतात की एकाआड एक? येथे एक जुना गोंधळही दूर करता येतो. रस्त्याकडेला आणि बागेत जो उंच, सरळ, लांब आणि नागमोडी कडांच्या पानांचा ‘अशोक’ दिसतो, तो खरा अशोक नव्हे. खरा अशोक, ज्याला सीताअशोक म्हणतात, त्याचे पान पर्णिकांचे असते आणि त्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. तसाच प्रकार साल वृक्षाचा. तथागतांच्या जन्माशी आणि महापरिनिर्वाणाशी सांगितला जाणारा साल वृक्ष म्हणून काही ठिकाणी खोडावरच फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे धरणारे कैलासपतीचे झाड दाखवले जाते. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहे. प्राचीन भारतात ते असणे शक्य नाही. श्रद्धेने सांगितलेली गोष्टही तपासून घ्यावी, हा संस्कार एका झाडापाशी उभे राहून देता येतो.

याच कृतीत झाडांचा प्रवासही शिकवावा. गुलमोहर मादागास्करचा, गोरखचिंच आफ्रिकेची, नीलमोहर दक्षिण अमेरिकेचा. आणि शेजारी आपले वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब. सगळे एकाच मातीत वाढतात. पळस आणि पांगारा होळीच्या सुमारास फुलतात, बहावा आणि गुलमोहर उन्हाळ्यात, बुचाची फुले पावसाळा सरल्यावर पडू लागतात. प्रत्येक भेटीत काय फुलले होते ते तारखेसह लिहून ठेवल्यास वर्षभरात त्या बागेची दिनदर्शिका तयार होते.

कृती दुसरी : झाडाची उंची. एक मीटर लांबीची काठी उन्हात सरळ उभी धरावी आणि तिची सावली मोजावी. त्याच वेळी झाडाची सावलीही मोजावी. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची सावली १२ मीटर असेल, तर १२ भागिले ०.८ म्हणजे झाडाची उंची १५ मीटर. खोडाचा घेर जमिनीपासून साधारण १३० सेंटिमीटर उंचीवर सुतळीने मोजावा. आपल्या पालकांत गवंडी, सुतार आणि बांधकामावरील मजूर बरेच असतात. काठी ओळंब्यात आहे की नाही हे पारखणे त्यांच्या डोळ्याला सवयीचे असते. गुणोत्तर मुलाने समजावावे, माप बापाने धरावे. या कृतीत दोघेही एकमेकांचे शिक्षक असतात.

कृती तिसरी : आजीची वनस्पतिशाळा. पहिल्या पावसानंतर बागेत जे ‘तण’ उगवते आणि माळी उपटून टाकतो, त्यात घोळ असते, तांदुळजा असतो, कुरडू असते, टाकळा असतो, ज्याला विदर्भात तरोटा म्हणतात. ही सारी आपल्या घरांतील भाज्यांची नावे आहेत. दुष्काळात आणि हातावर पोट असताना या भाज्यांनी कुटुंबे जगवली. शेतमजुरी केलेल्या आजीला किंवा आईला विचारून प्रत्येकीचे नाव, ओळख आणि करण्याची पद्धत मुलाने वहीत उतरून घ्यावी. बागेतील भाजी खुडू नये. तेथे औषधफवारणी झालेली असू शकते. येथे हवे आहे ते ज्ञान. ज्या आईने शाळेचे तोंड पाहिले नाही तिच्याजवळही लिहून घेण्यासारखे पुष्कळ आहे, हे मुलाला कळणे हेच या कृतीचे फळ.

कृती चौथी : पाटी वाचणे. बागेत उद्घाटनाची कोनशिला असते, पुतळा असतो, नियमांचा फलक असतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ही साधने होत. पाच प्रश्न विचारावेत : बाग कधी झाली? कोणाच्या हस्ते झाली? पैसा कोणाचा होता? जागा पूर्वी कशासाठी वापरली जाई? आणि कोनशिलेवर कोणाचे नाव नाही? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. खोदणारे, दगड वाहणारे, रोपे लावणारे आणि रोज झाडलोट करणारे हात कोनशिलेवर सहसा येत नाहीत. बागेत काम करणाऱ्या माळीदादांशी किंवा झाडणाऱ्या मावशींशी आदराने चार शब्द बोलून त्या किती वर्षे येथे काम करतात ते विचारावे. कोनशिलेवर न मिळणारी माहिती अशी मिळते.

कृती पाचवी : पंधरा मिनिटांची पक्षीगणना. एका जागी बसून पंधरा मिनिटांत दिसलेले आणि ऐकू आलेले पक्षी नोंदवावेत. साळुंकी, बुलबुल, शिंपी, कोकीळ, भारद्वाज, पोपट हे शहरी बागांतही आढळतात. तांबट्याने भांडे ठोकावे तसा एकसुरी ‘टुकटुक’ आवाज येत राहिला तर तो तांबट पक्षी समजावा. तो दिसण्याआधी ऐकू येतो. दर वर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना होते आणि भारतातील सामान्य नागरिकही तीत भाग घेतात. तिला शुल्क नसते. किमान पंधरा मिनिटांचे निरीक्षण करून ते संकेतस्थळावर नोंदवता येते. गावातील एका मुलाची नोंद जगाच्या नोंदीत जमा होते.

कृती सहावी : वीस मिनिटांचे वाचन. पुस्तक ग्रंथालयाचे असो, शाळेचे असो वा त्या दिवसाचे वर्तमानपत्र असो. कुटुंबातील प्रत्येकाने एकेक पान मोठ्याने वाचावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी ऐकून एक प्रश्न विचारावा. चर्नी रोडच्या बागेतील त्या विद्यार्थ्याचे स्मरण करण्याची याहून योग्य रीत आम्हाला ठाऊक नाही. वाचन झाल्यावर पाच मिनिटे सर्वांनी न बोलता सावकाश चालावे. श्वास आणि पाऊल यांकडे लक्ष द्यावे. घरी जागेअभावी हे जमत नाही, बागेत जमते.

५. जाण्यापूर्वी थोडे

नगरपालिकांच्या बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात, दुपारी बंद असतात; वेळ आधी विचारून घ्यावी. काही बागांना प्रवेशशुल्क असते. काही ठिकाणी बाग खुली आणि आतील संग्रहालय, प्राणिसंग्रहालय किंवा छोटी रेल्वे यांना तिकीट असते. तिकिटाच्या खेळण्यांसाठी मुलाने हट्ट धरला तर ‘आज आपण झाड मोजायला आलो आहोत’ असे आधीच ठरवून आलेले बरे. पाण्याची बाटली आणि घरची भाकरी-चटणी सोबत घ्यावी. खाण्यास मनाई नसेल तेथे ती उघडण्यात संकोच कसला? कागद, पिशवी, उरलेले अन्न परत न्यावे. फूल तोडू नये, खोडावर नाव कोरू नये. हक्काने वापरलेली जागा जबाबदारीने सांभाळली तरच तो हक्क पुढच्या पिढीला निर्वेध मिळतो.

बागेत पाणी नाही, शौचालय बंद आहे, चाकाच्या खुर्चीला आत येण्यास उतार नाही, संध्याकाळी दिवे लागत नाहीत, असे दिसल्यास घरी येऊन कुरकुर करण्याऐवजी मुलाकडून नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांस उद्देशून अर्ज लिहून घ्यावा. त्यावर कुटुंबातील सर्वांनी सह्या कराव्यात, पोच घ्यावी आणि महिन्याने विचारणा करावी. राज्याच्या शहरी भागांतील झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात वृक्षगणनेची तरतूद आहे. आपल्या बागेत किती झाडे नोंदली आहेत हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे. स्त्रियांना आणि मुलींना निर्धास्त बसता येत नाही अशी बाग अर्धीच सार्वजनिक असते. तेव्हा दिव्यांचा अर्ज प्रथम करावा.

६. माजी विद्यार्थ्यांस विनंती

या संस्थेतून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे स्थिरावले आहेत. संस्थेस देणगी देणारे आहेत, पुस्तके पाठवणारे आहेत. त्यांचे ऋण आहेच. आमची विनंती याहून लहान आहे. पालकभेटीच्या रविवारी ज्या मुलांकडे कोणी येऊ शकत नाही अशी मुले प्रत्येक वसतिगृहात असतात. कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात, कोणाचे वीटभट्टीवर असतात, कोणाला ते नसतातच. वर्षातून एका रविवारी एका माजी विद्यार्थ्याने संस्थेची रीतसर परवानगी घेऊन, शिक्षकांसमवेत, अशा आठदहा मुलांना जवळच्या बागेत न्यावे. सोबत आपली मुलेही आणावीत. वही, सुतळी आणि काठी शाळा देईल. भेटवस्तू आणू नयेत; वेळ आणावा.

केळुसकर गुरुजींनी बागेत वाचणाऱ्या एका अनोळखी मुलाची विचारपूस केली, त्याला एक पैसाही खर्च आला नव्हता. विचारपूस करणारी मोठी माणसे आणि ती होण्याची वाट पाहणारी मुले आजही आहेत. दोघांना भेटण्यास जागा हवी असते, आणि ती आपल्या पूर्वजांनी झगडून आपल्यासाठी खुली करून ठेवली आहे.